जुन्या ट्रकचे मडफ्लॅप : आधी माप, मग रबर



आजच्या भागाचा विषय ऐकून काही जणांना हसू येईल. इंजिन, ब्रेक, टायर यांवर आपण बोललो. आज बोलायचे आहे मागच्या चाकामागे लोंबणाऱ्या रबराच्या तुकड्यावर. कोणी त्याला मडफ्लॅप म्हणते, कोणी मडगार्डचे रबर. ट्रकवरची ही सगळ्यात स्वस्त वस्तू. ती तुटली म्हणून गाडी थांबत नाही, मायलेज कमी होत नाही, मालकाला नुकसान दिसत नाही. नुकसान होते ते मागून येणाऱ्याचे, आणि तो मालकाच्या ओळखीचा नसतो. म्हणून ही वस्तू सगळ्यात शेवटी बदलली जाते.

मी सैन्यात गाड्यांच्या देखभालीचे काम केले आणि निवृत्तीनंतर रायपूरला स्थायिक झालो. जुने ट्रक पाहायला याहून चांगली जागा नाही. पश्चिमेला दुर्ग, राजनांदगाव, देवरी, साकोली, भंडारा करत नागपूरला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३, ज्याला जुने लोक अजून सहा नंबरच म्हणतात. उत्तरेला बिलासपूर आणि पुढे कोरब्याचा कोळसा. दक्षिणेला धमतरी, कांकेर आणि केशकाल घाट उतरून, नव्हे चढून, बस्तर. शेजारी भिलाईचा पोलाद कारखाना, दल्लीराजहराचे लोहखनिज, सिलतरा आणि उरला इथले स्पंज आयर्नचे कारखाने, आणि चहूकडे तांदळाच्या गिरण्या. रावाभाठाच्या ट्रान्सपोर्ट नगरात उभे राहिले तर वीस-वीस वर्षांची १६१३ आणि त्याच वयाची लेलँडची गाडी अजून कमावताना दिसते. या गाड्यांना मडफ्लॅप कसा बसवायचा आणि तो टिकेल कसा, एवढेच आज पाहू.

चाक नेमके काय फेकते?

आधी एक गैरसमज दूर करू. बहुतेकांना वाटते की ट्रकचे चाक दगड मागे भिरकावते आणि तो गोळीसारखा मागच्या गाडीवर येतो. ट्रकमध्ये बसून पाहिले तर तसे दिसतेही. पण रस्त्याच्या कडेला उभे राहून पाहा.

चाक घरंगळत असते तेव्हा जमिनीला टेकलेला टायरचा भाग त्या क्षणी जमिनीच्या हिशोबाने स्थिर असतो. तिथून तो वर उचलला जातो. म्हणून टायरच्या खोबणीतून सुटलेला खडा जमिनीच्या हिशोबाने मागे जवळजवळ जातच नाही. तो वर उडतो. थोडासा पुढेच सरकतो म्हणा. मागून येणारी गाडी ६० च्या वेगाने त्या हवेतल्या खड्यावर जाऊन आदळते. काच फुटते ती मागच्या गाडीच्या स्वतःच्या वेगाने.

आता मडफ्लॅपचे काम सोपे करून सांगता येईल. खडा टायरवरून जितक्या उशिरा सुटेल तितका तो जास्त उभा आणि जास्त उंच जातो. मडफ्लॅप अशा उशिरा सुटणाऱ्या खड्यांना अडवतो. खालच्या फटीतून निघतात ते फक्त आडवे, कमी उंच उडणारे खडे. फट जेवढी मोठी, तेवढा उंच खडा सुटतो.

मी कागदावर हिशोब केला. १०.००-२० टायर, म्हणजे त्रिज्या साधारण ५२ सेंटीमीटर. फ्लॅप टायरच्या मागच्या कडेपासून २० सेंटीमीटरवर. गाडीचा वेग ताशी ६० किलोमीटर. हवेचा विरोध सोडून दिला.

फ्लॅपची खालची कड जमिनीपासून २० सेंटीमीटरवर असेल, तर फटीतून सुटणारा खडा जास्तीत जास्त सव्वा मीटर उडतो. मोटारीच्या बॉनेटच्या थोडे वर.

कड २८ सेंटीमीटरवर असेल, तर अडीच मीटर.

कड ४० सेंटीमीटरवर असेल, तर जवळजवळ पाच मीटर. म्हणजे मोटारीची काच, मोटरसायकलवाल्याचा चेहरा, बसचा ड्रायव्हर, सगळे त्याच्या टप्प्यात.

फरक फक्त वीतभर रबराचा आहे. सव्वा मीटर उडालेला खडा साधारण एक सेकंद हवेत असतो. पाच मीटर उडालेला दोन सेकंद. ताशी ६० च्या वेगाने एका सेकंदात गाडी १६-१७ मीटर जाते. म्हणजे पहिल्या खड्यापासून वाचायला पंधरा-वीस मीटर अंतर पुरते, दुसऱ्यासाठी पस्तीस मीटर हवे. लष्करी ताफ्यात गाड्यांमधले अंतर ठरवून पाळले जाते, त्याच्या अनेक कारणांपैकी एक हेही. गावातल्या रस्त्यावर मोटरसायकलवाल्याला ते अंतर कोण ठेवू देणार?

इथली एक खास गोष्ट. साध्या दगडाची घनता पाण्याच्या पावणेतीन पट असते; चांगल्या लोहखनिजाची पाच पटीच्या आसपास. म्हणजे बोराएवढा खनिजाचा खडा बोराएवढ्या गिट्टीच्या जवळजवळ दुप्पट वजनाचा. दल्लीराजहरा किंवा सिलतऱ्याच्या रस्त्यावर सांडलेला माल म्हणजे असेच खडे. आमच्या भागात मडफ्लॅपची गरज इतर ठिकाणांहून जास्त आहे ती यामुळे.

पाण्याचेही तसेच. टायरने उचललेले मोठे थेंब कडक, गुळगुळीत पृष्ठभागावर आदळले की फुटून त्यांचे बारीक तुषार होतात, आणि ते हवेत धुक्यासारखे तरंगतात. युरोपीय संघाच्या २०११ च्या नियमावलीत साडेसात टनांवरच्या ट्रकसाठी तुषार रोखणारी दोन प्रकारची साधने सांगितली आहेत : एक पाण्याचा जोर शोषून घेणारे, दुसरे पाणी आणि हवा वेगळी करणारे. पहिल्या प्रकारात फ्लॅपच्या आतल्या बाजूला गवतासारखे दाते असतात. आपल्याकडे साधा रबरच चालतो, पण आतून उभ्या खाचा असलेला मिळाला तर तो घ्यावा. पाणी खाचेतून खाली ओघळते, तुषार कमी होतात. खाचांची बाजू चाकाकडे ठेवायची. बरेच जण दिसायला छान म्हणून ती बाहेर लावतात.

जुन्या गाडीला "कंपनी फिटिंग" का मिळत नाही

दुकानात जाऊन "१६१३ चा मडफ्लॅप द्या" म्हटले की दुकानदार काहीतरी काढून देतो. पण जुन्या ट्रकच्या बाबतीत मॉडेलच्या नावावरून माप ठरतच नाही. त्या काळी आपल्याकडे ट्रक बहुधा नुसत्या चासीच्या रूपात विकला जायचा. कंपनीने इंजिन, चासी, चाके दिली. लाकडी-लोखंडी बॉडी बांधली ती बॉडीवाल्याने. कोणी रायपूरला, कोणी नागपूरला, कोणी आणखी कुठे. मागचा झोक किती, आडवा अँगल कुठे, मडफ्लॅपचा ब्रॅकेट कुठे, हे त्या मिस्त्रीने ठरवले. त्यानंतर वीस वर्षांत पाटे बदलले, एखादे पान वाढवले, ९.००-२० च्या जागी १०.००-२० टायर आले, बॉडी एकदा नवी झाली. एकाच वर्षाच्या, एकाच मॉडेलच्या दोन गाड्या शेजारी उभ्या करा. ब्रॅकेटमध्ये चार बोटांचा फरक सहज सापडेल.

म्हणून तयार फ्लॅप विकत घेण्याआधी गाडीची मापे घ्यायची. मापे चार आहेत.

पहिले माप रुंदीचे. मागच्या जोडचाकांच्या बाहेरच्या टायरच्या बाहेरच्या कडेपासून आतल्या टायरच्या आतल्या कडेपर्यंत टेप लावा. टायरप्रमाणे हे ५५ ते ६० सेंटीमीटर भरते. फ्लॅप त्याहून थोडा रुंदच हवा, म्हणजे बाजारातला २४ इंची. पैसे वाचवायला १८ इंची लावला तर दहा ते पंधरा सेंटीमीटर टायर उघडा राहतो, आणि तो बहुधा बाहेरचा असतो. त्याच बाजूने मोटरसायकल जात असते.

दुसरे माप टायर आणि फ्लॅप यांमधल्या अंतराचे. २० सेंटीमीटर ठीक. त्याहून फार कमी ठेवले तर ब्रेक मारताना आणि खड्ड्यात एक्सल हलतो तेव्हा टायर फ्लॅपला घासतो. मागे घेताना तर हमखास खेचून घेतो. फार जास्त ठेवले तर पाणी बाजूने निसटते.

तिसरे माप खालच्या कडेचे, आणि इथे सगळ्यात जास्त गडबड होते. फ्लॅप बसवतात गाडी रिकामी असताना, कारण भरलेली गाडी कोण उभी ठेवणार? पण माल भरला की पाटे बसतात आणि गाडीचा मागचा भाग सात-आठ सेंटीमीटर किंवा जास्तही खाली येतो. रिकाम्या गाडीवर जमिनीपासून दहा-बारा सेंटीमीटर ठेवलेला फ्लॅप भरल्यावर गतिरोधकावर लोळतो. मग ड्रायव्हर वैतागून सुरीने खालचा भाग कापतो, आणि एकदा हात लागला की वीतभर जास्तच कापला जातो.

उलट बाजूही लक्षात घ्या. भरलेली गाडी हळू चालते, रिकामी परतताना जोरात. म्हणजे फ्लॅप सगळ्यात वर असतो तेव्हाच वेग सगळ्यात जास्त. वरच्या हिशोबातला २८ सेंटीमीटरचा आकडा मी याचसाठी सांगितला : भरलेल्या गाडीवर २० ठेवलेला फ्लॅप रिकाम्या गाडीवर २८ ला जातो. म्हणून महामार्गावरच्या गाडीला, पूर्ण भरलेल्या अवस्थेत, सपाट जमिनीवर, १५ सेंटीमीटर ठेवा. रिकामी झाली की ती २२-२३ होईल. वजनकाट्यावर गाडी उभी असते तेव्हा टेप लावायला अर्धा मिनिट लागतो. खाणीत किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या गाडीला २० ठेवा, कारण तिथली जमीन उंचसखल असते.

चौथे माप ब्रॅकेटभोवतीच्या मोकळ्या जागेचे. सायलेन्सरचा पाईप कुठे संपतो, मागचा दिवा आणि नंबर प्लेट झाकली जात नाही ना, दोर बांधायचा हूक आड येत नाही ना. जुन्या गाडीत सायलेन्सरचे तोंड पुष्कळदा फ्लॅपच्या दिशेने वळलेले असते. उष्णतेत रबराचे वय झपाट्याने वाढते. ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे. फ्लॅप वारंवार एकाच कोपऱ्यात कडक होऊन तडकत असेल तर रबराला दोष देण्याआधी सायलेन्सरचे तोंड पाहा.

रबर फाटत नाही, भोक फाटते

रावाभाठ्याच्या एका जुन्या मिस्त्रीने मला हे सूत्र सांगितले, आणि त्याहून नेमके मी सांगू शकत नाही : "साहेब, रबर नाही फाटत, भोक फाटतं." ट्रान्सपोर्ट नगरात टाकून दिलेले फ्लॅप उचलून पाहा. मधले रबर धडधाकट असते. वरची भोके बोल्टपासून कडेपर्यंत चिरलेली असतात.

कारण उघड आहे. फ्लॅपचे वजन, वाऱ्याचा दाब, चिखलाचा भार आणि प्रत्येक खड्ड्याचा हिसका, हे सगळे दोन-तीन बोल्टच्या कडेवर येते. त्यात भोक तापलेल्या सळईने पाडलेले किंवा सुरीने फाडलेले असले, की कडेला बारीक चीर असतेच. रबर तिथूनच पुढे फाटत जाते.

बसवण्याची योग्य रीत अशी. फ्लॅपच्या पूर्ण रुंदीची लोखंडी पट्टी घ्या, साधारण इंचभर रुंद आणि पाच मिलिमीटर जाड. रबर पट्टी आणि ब्रॅकेट यांच्यामध्ये सँडविचसारखे दाबा. म्हणजे भार बोल्टवर न येता पूर्ण पट्टीवर पसरतो. बोल्टचे काम फक्त दाब धरून ठेवण्याचे. २४ इंची फ्लॅपला पाच बोल्ट, ८ मिलिमीटरचे. भोके पोकळ पंचाने पाडा, चामड्याचे काम करणाऱ्यांकडे असतो तसा. गोल, स्वच्छ भोक पडते. भोक वरच्या कडेपासून किमान २५ मिलिमीटर आत. पट्टीच्या कडा कानशीने घासून बोथट करा, नाहीतर रोज हजार वेळा वाकणारे रबर त्या धारेवर कापले जाते. नट आतून नायलॉनची कडी असलेले वापरा, धक्क्याने ढिले होत नाहीत. आणि नट आवळताना रबर फुगून बाहेर येईपर्यंत आवळू नका.

फ्लॅप ब्रॅकेटला वेल्डिंगने कायमचा अडकवणे, किंवा पट्टी चासीला वेल्ड करणे, टाळा. सैन्यातला साधा दंडक होता : रस्त्यावर बिघडू शकणारी वस्तू गाडीतल्या हत्यारांनी बदलता आली पाहिजे. रायपूरहून निघालेली गाडी देवरीला फ्लॅप गमावते. तिथे दोन पाने आणि एक फाटकी ताडपत्री एवढेच जवळ असते.

खालच्या कडेला लोखंडी पट्टी, साखळी किंवा पाईप बांधण्याची पद्धत सर्वत्र दिसते. हेतू असा की वाऱ्याने फ्लॅप मागे उडू नये. पातळ, तीन मिलिमीटरचा फ्लॅप वेगात खरोखर आडवा होतो आणि मग असून नसल्यासारखा. पण खाली लोखंड बांधले की प्रत्येक हिसक्याला वरच्या भोकांवरचा भार कित्येक पट होतो, आणि फ्लॅप तुटला की रस्त्यावर रबराबरोबर लोखंडही पडते. यावर चांगला उपाय जाड फ्लॅप : मागच्या जोडचाकांना ६ ते ८ मिलिमीटर. तरीही उडत असेल तर फ्लॅपच्या मागे, वरच्या एक तृतीयांश भागापर्यंत, ब्रॅकेटवरून खाली येणारे दोन वाकवलेले गज लावा. फ्लॅप त्यांना टेकतो आणि मागे जात नाही. वजन रबरावर नाही, ब्रॅकेटवर.

हायवा आणि टिप्परवाल्यांसाठी वेगळी सूचना. माल ओतून गाडी थोडी मागे-पुढे केली की फ्लॅप ढिगात सापडतो, चाक त्यावर चढते आणि पुढे निघताना फ्लॅप मुळासकट येतो. त्यांनी खालच्या कडेला एक भोक आणि बॉडीला एक हूक ठेवावा. माल ओतण्याआधी क्लीनरने फ्लॅप उचलून हुकात अडकवायचा. निघताना खाली सोडायचा हे मात्र विसरायचे नाही.

कोणते रबर घ्यावे

बाजारात चार प्रकार दिसतात.

एक, नव्या रबराचा साचेबंद फ्लॅप. नैसर्गिक रबर किंवा कृत्रिम रबर किंवा दोन्हींचे मिश्रण, त्यात काजळी. काजळी नुसत्या रंगासाठी नसते. ती रबराला ताकद देते आणि उन्हापासून वाचवते.

दोन, जुन्या टायरांपासून परत मिळवलेल्या रबराचा. स्वस्त. फार वाईट नाही, पण वाकवल्यावर लवकर थकतो.

तीन, प्लास्टिकचा. हलका, तेलाला घाबरत नाही. पण दगड लागला की कोपरा तुटतो आणि उन्हात ठिसूळ होतो. मे महिन्यात रायपूरचा पारा ४५ च्या आसपास जातो, उघड्यावरची काळी वस्तू त्याहून बरीच तापते.

चार, जुन्या कन्व्हेयर बेल्टचा कापलेला तुकडा. कोळसा, खनिज आणि पोलादाचा मुलूख असल्याने आमच्याकडे भंगारात असा बेल्ट दिसतो. त्याच्या आत कापडाचे थर असतात, त्यामुळे भोक सहसा फाटत नाही. दोष दोन : तो जड आणि ताठ असतो, म्हणून ब्रॅकेट मजबूत हवा, आणि कापलेल्या कडेतून पाणी थरांत शिरले की थर सुटू लागतात. स्टीलच्या दोऱ्या असलेला बेल्ट मात्र अजिबात लावू नका. कड झिजली की तारा बाहेर येतात आणि टायर कापतात.

दुकानात करायच्या चाचण्या सोप्या आहेत.

वजन करा. पुष्कळांना वाटते, जड तो चांगला. हे उलट असू शकते. २४ × २४ इंच, ६ मिलिमीटर जाडीचा चांगल्या रबराचा फ्लॅप साधारण २.७ किलो भरतो. त्याच मापाचा साडेतीन किलोच्या वर गेला तर त्यात खडूची भुकटी किंवा चिकणमाती भरपूर घातली आहे. रबरशीट किलोवर विकली जाते तिथे ही भेसळ विकणाऱ्याच्या फायद्याची असते. तुम्ही रबराच्या भावाने खडू घेता.

वाकवून पाहा. कोपरा पूर्ण दुमडा आणि दहापर्यंत मोजा. घडीवर पांढुरकी रेघ किंवा बारीक भेगा दिसल्या तर ठेवून द्या. सोडल्यावर तो लगेच सरळ व्हायला हवा.

नखाने दाबा. चांगल्या फ्लॅपवर नख उमटते आणि नाहीसे होते. राहिले तर रबर मऊ आणि कच्चे. उमटलेच नाही तर फार कडक.

कापलेला तुकडा मिळाला तर एक रात्र डिझेलमध्ये टाका. नैसर्गिक रबर डिझेल आणि ऑइलमध्ये फुगते, हा त्याचा स्वभाव आहे. तुकडा फुगला म्हणजे माल खोटा, असे नाही. पण ज्या गाडीच्या हबमधून ऑइल गळते तिला तो लावायचा असेल तर आधी ते सील बदला.

आणि गठ्ठ्यात घडी घालून महिनोन्‌महिने ठेवलेला फ्लॅप घेऊ नका. हवेतला ओझोन वायू ताणलेल्या रबरावर हल्ला करतो, आणि ताणाच्या काटकोनात भेगा पाडतो. घडीवरचे रबर कायम ताणलेले असते. म्हणून नवा फ्लॅप चार वर्षे दुकानात दुमडून पडला असेल तर तो तिथेच म्हातारा झाला. घरी जादा ठेवायचा असेल तर सपाट, सावलीत, बॅटरी आणि वेल्डिंग मशीनपासून लांब ठेवा.

एक अमेरिकन खटला

मडफ्लॅपवरून देशाचे सर्वोच्च न्यायालय बसले होते, हे सांगितले तर विश्वास बसणार नाही. अमेरिकेत इलिनॉय राज्याने कायदा केला की ट्रकला चाकाच्या गोलाईप्रमाणे वळलेलेच मडगार्ड हवेत. त्या वेळी ४५ राज्यांत सरळ लोंबणारे फ्लॅप चालत होते, आणि आर्कान्सॉ राज्यात तर सरळच हवेत असा नियम होता. म्हणजे दोन्ही राज्यांतून जाणाऱ्या ट्रकने सीमेवर थांबून मडगार्ड बदलायचे. वळलेले मडगार्ड वेल्ड केलेले असायचे. बदलायला दोन ते चार तास लागत, आणि स्फोटके भरलेल्या गाडीवर वेल्डिंग म्हणजे संकटच. बिब विरुद्ध नवाहो फ्रेट लाइन्स या नावाचा हा खटला. २५ मे १९५९ रोजी न्यायालयाने तो कायदा रद्द केला, कारण राज्याराज्यांतल्या व्यापारावर त्याचा अवाजवी बोजा पडत होता.

आपल्या कामाची गोष्ट खालच्या न्यायालयाच्या निष्कर्षांत आहे. वळलेल्या मडगार्डचा सरळ फ्लॅपपेक्षा सुरक्षेला काही जास्त फायदा दिसला नाही. उलट ते ब्रेक ड्रमभोवती उष्णता कोंडून ठेवत, त्यामुळे ब्रेकचा जोर कमी होई. आणि उतरणीच्या धक्क्याला मागे लावताना मोडून पुढे रस्त्यावर गळून पडत. सत्तरएक वर्षांपूर्वीचे हे निष्कर्ष आपल्या जुन्या ड्रम ब्रेकच्या गाड्यांना आजही लागू आहेत. जगदलपूरहून माल भरून केशकालची बारा वळणे उतरणाऱ्या ट्रकच्या ड्रमला हवा हवी. चाकाला चिकटून, सगळीकडून झाकणारे "टाइट फिटिंग" दिसायला सुंदर असते. जुन्या गाडीला सरळ, मोकळा, पुरेसा खाली येणारा फ्लॅप जास्त मानवतो.

देखभाल आणि निरोप

आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र घ्यावे लागते. अनेक गाड्यांना नवा फ्लॅप मिळतो तो त्या सकाळी. माझा आग्रह असा की फ्लॅप फिटनेसच्या तारखेला न बांधता मृगाला बांधावा. आमच्याकडे वर्षाचा बाराशे मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. मेअखेरीस एकदा पाहणी करा : बोल्ट आवळलेले, भोकांना चीर नाही, खालची कड भरलेल्या गाडीवर १५, दोन्ही बाजू सारख्या. मग पावसाळाभर दर आठवड्याला हाताने एक हिसका देऊन पाहा. भोकापासून निघालेली चीर बोटाच्या पेराएवढी झाली की फ्लॅप उतरवा. वरचा भाग कापून नवी भोके पाडून तो दुसऱ्या, उंचीला बुटक्या जागी वापरता येतो.

मालक मित्रांना मी एवढेच सांगतो. टाटीबंध चौकात पावसात पाच मिनिटे उभे राहा. एम्सकडे जाणारा एखादा माणूस दुचाकीवर, मागे बायको, तिच्या मांडीवर फाइल. पुढे तुमचा ट्रक. फ्लॅप नसेल तर त्या माणसाला चार-पाच सेकंद काहीही दिसत नाही. हेल्मेटची काच चिखलाने भरते, तो ती वर करतो, आणि पुढचा खडा थेट डोळ्यावर. त्याला तुमचा नंबर वाचता येणार नाही, तो तुमच्याकडे भरपाई मागायला येणार नाही. तुमच्या वहीत त्या दिवशी काहीच खर्च लिहिला जाणार नाही. म्हणूनच ही गोष्ट तुम्ही स्वतःहून करायची आहे. खर्च काही शे रुपये आणि अर्धा तास.

आज घरी गेल्यावर टेप घ्या, गाडीमागे वाका आणि चार आकडे वहीत लिहा. नंतरच दुकानात जा. पुढच्या भागात पाट्यांबद्दल बोलू : पान वाढवल्याने गाडी खरेच जास्त भार उचलते का. तोपर्यंत सांभाळून चालवा.

जय हिंद, जय महाराष्ट्र, जय छत्तीसगड.